दुधात पाल, पायात काल

गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहायला गेले, त्याचं नाव सेगाव. तिकडे बुलढाणा जिल्ह्यात, थेट रेल्वेलाइनवर, गजानन महाराजांचं शेगाव. 'स' आणि 'श' यांतला फरक शाळामास्तरांना दिसतो, घाईत असलेल्या पोस्टाला दिसत नाही. महात्माजींची पत्रं महाराजांच्या गावी जाऊ लागली. ब्रिटिश साम्राज्यापुढे न हटलेल्या माणसाने टपालाच्या थैलीपुढे मात्र समजुतीने घेतलं आणि १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं. शेगावने नाव बदलावं, असं सुचवायची छाती कुणाची होणार?

एका उच्चाराला दोन धनी झाले की काय होतं, त्याचा हा वर्धा जिल्ह्यातला अधिकृत नमुना. पण हे एकाच भाषेतलं प्रकरण, पाटी बदलली की मिटणारं. खरी मजा दोन भाषा समोरासमोर आल्यावर येते, आणि त्या बाबतीत आमचं वर्धा गाव फार पुढारलेलं. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ पासून इथे आहे. पहिलं विश्व हिंदी संमेलन १९७५ साली नागपुरात भरलं ते याच समितीच्या पुढाकाराने. १९९७ मध्ये महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयही वर्ध्याच्या वाट्याला आलं. अख्ख्या देशाला एक भाषा पुरवण्याचा मक्ता ज्या गावाने घेतला, तिथला ऑटोवाला मात्र अजून 'कुठी जाऊन रायले?' असंच विचारतो.

हिंदी आणि मराठी यांच्यातल्या घोटाळ्याला मी गंमत म्हणत नाही. ती भाऊबंदकी आहे. आजा एक, वाटण्या झाल्या, आणि एकाच शब्दाचे दोन सातबारे निघाले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समितीने आराखडा केला, आणि हिंदी पुस्तकांत त्याचं नाव पडलं 'वर्धा शिक्षा योजना'. हे वाचून मराठी माणसाला पहिला प्रश्न पडतो, गुन्हा काय? पुढे मुलांना वर्गात बसवून सूत कातायला लावणार आहेत हे कळल्यावर तर त्याची खात्रीच पटते. हिंदीत 'चेष्टा' केली की ती धडपड, मराठीत केली की टिंगल. हिंदीत 'राजीनामा' झाला की दोन्ही पक्ष खूश, मराठीत झाला की फक्त एक. या भावकीत दोन्हीकडचे लोक शब्दकोश उघडून तावातावाने बोलतात, कारण हक्क दोघांचाही खराच असतो. आमच्या मातीला हे नवीन नाही म्हणा. वर्धा नदीचं जुनं नाव वरदा. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त विदर्भाच्या दोन चुलतभावांना राज्य वाटून दिलं जातं, ते याच नदीचे दोन काठ धरून.

ज्यांचा एकमेकींशी सोयरसंबंध नाही अशा भाषांचं तसं नसतं. तिथे हक्काचा प्रश्नच नाही, त्यामुळे भांडणही नाही. एका भाषेचा शब्द दुसरीच्या घरात सरळ घुसतो, भलत्याच खुर्चीवर बसतो, आणि घरच्यांना हसण्यापलीकडे काही करता येत नाही.

सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय काढलं. तिथे शिकायला देशभरातून मुलं येतात. पेशंट मात्र देशभरातला नसतो, तो देवळीचा, सेलूचा, समुद्रपूरचा असतो. समजा, तमिळनाडूतली एक मुलगी नुकतीच वॉर्डात उभी राहायला लागली आहे. हिंदी बेताचं, मराठीची नुकतीच तोंडओळख. समोर कापूस वेचता वेचता उठून आलेली एक आजी.

"कालपासून लय दुखून रायलं वं माय."

तमिळमध्ये 'काल' म्हणजे पाय. मुलगी समजुतीने मान हलवते आणि पाय तपासायला घेते. आजी म्हणते, "पाय नाई वं, पोट! काल तं झोपच नाई लागली." पुन्हा काल. मुलगी दुसरा पाय बघते.

शेजारच्या खाटेवर एकाच्या हाताला खरचटलेलं. सोबतची सिस्टर विचारते, कुत्रा चावला का? तो म्हणतो, "नाय." तमिळमध्ये 'नाय्' म्हणजे कुत्रा. एवढं स्पष्ट उत्तर आजवर कुठल्याच पेशंटने दिलेलं नाही, म्हणून मुलगी खूश होते आणि 'ऊसि' द्यायला सांगते, म्हणजे सुई, इंजेक्शन. सिस्टर उशी आणून देते. पेशंटला खरंच बरं वाटतं. तिसऱ्याच्या डोळ्यात कण गेलेला असतो, आणि तमिळमध्ये 'कण्' म्हणजेच डोळा. डोळ्यात डोळा गेला म्हणून रडणारा माणूस बघून ती त्याला कुठल्या विभागाकडे पाठवेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

कळस होतो तो 'पू'पाशी. तमिळमध्ये पू म्हणजे फूल. 'जखमेत पू झालाय' हे वाक्य त्या मुलीला एखाद्या नवकवीचं वाटलं तर तिचं काय चुकलं? उलट बाजूने ऐका. सणाच्या दिवशी ती घरी फोनवर आईला सांगते की डोक्यात पू माळलाय, छान वास येतोय. बाजूला उभ्या असलेल्या मराठी मैत्रिणीला त्यातलं 'पू' तेवढं कळतं आणि ती ड्रेसिंगचा ट्रे शोधायला धावते.

हे असंच्या असं घडलं, असं माझं म्हणणं नाही. घडायला लागणारं सगळं सामान तिथे तयार आहे, इतकंच. किंबहुना ते त्याही आधीपासून आहे. नई तालीम, म्हणजे तीच 'वर्धा शिक्षा योजना', चालवायला सेवाग्रामला आलेले आर्यनायकम् हे सिलोनचे तमिळ, त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली. तमिळमध्ये 'काल' म्हणजे पाय. बंगालीत 'काल' म्हणजे कालही आणि उद्याही. भोवती वऱ्हाडी बोलणारं गाव. त्या घरात कुणाचं काल काय दुखलं हे ठरवायला किती वेळ जात असेल, देव जाणे. दोघांनी मिळून देशाला नवी शिक्षणपद्धती शिकवली, म्हणजे कुठल्या तरी भाषेत त्यांचं जमलं असणार.

खाण्यापिण्याचं तर विचारूच नका. दिल्ली–चेन्नई मार्गावरच्या गाड्या सेवाग्राम स्टेशनावरून जातात. रात्री खिडकीतून एखादी तमिळ आई बाळासाठी 'पाल' मागते. तिला दूध हवं असतं. फलाटावरचा आमचा माणूस दचकून आधी डब्याचं छत बघतो, मग तिला धीर देतो, "काही करत नाई ते, बाई." तिला वाटतं दूध आणतोय. उन्हाळा असेल आणि तिने 'मोर' मागितला, तर ते ताकच, पण इथला माणूस तिला बोरच्या जंगलाचा रस्ता दाखवील. (बोर ही आमची नदी. तिच्या काठी व्याघ्रप्रकल्प आहे, २०१४ साली जाहीर झालेला. नदी बोर, फळ बोर, आणि वाघ न दिसता परतलेला पुणेकर पर्यटकही बोर.) भाजीवालीपाशी तमिळ माणूस 'काय्' म्हणतो तेव्हा त्याला भाजी हवी असते, न पिकलेलं फळ हवं असतं. कच्चं केळं त्यांच्याकडे 'वाळैक्काय'. आमची भाजीवाली 'काय?' म्हणते, तो 'काय्' म्हणतो, ती पुन्हा 'काय?' म्हणते. हा संवाद सैद्धांतिकदृष्ट्या गाडी सुटेपर्यंत चालू शकतो आणि दोघांनाही आपण अत्यंत स्पष्ट बोलतोय असं वाटत राहतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की हे सगळं दक्षिणेच्या गाड्यांनी वर्ध्यात आणून टाकलं. तसं समजणं म्हणजे घरमालकाला पाहुणा म्हणण्यासारखं आहे. गोंडी ही द्रविड कुळातलीच भाषा. गोंडीत दूध म्हणजे पाल, पाय म्हणजे काल, आणि कुत्र्याला शब्द आहे तो 'नाय'च्या अगदी जवळचा. हा सगळा मुलूख कधीकाळी गोंड राजांचा, एका अंगाला देवगडचे तर दुसऱ्या अंगाला चांद्याचे. आज जिल्ह्यातले बरेचसे गोंड मराठीच बोलतात. म्हणजे मराठीची पाल भिंतीवर चुकचुकायच्या कितीतरी आधीपासून याच भागात कुणीतरी पाल काढत होतं, तापवत होतं, तिच्यावर साय धरत होतं. तमिळ मुलीला आश्चर्य वाटायला नको. तिचा शब्द इथे आधीच राहून गेलाय. आता तो शोधायचा तर भामरागडकडे जावं लागतं.

असं होतं तरी का? कारण साधं आहे. माणसाचं तोंड एवढंसं, त्यात जीभ एकच, ओठ दोनच. त्यांतून निघणारे आवाज मोजके, अर्थ मात्र हजारो. त्यातून माणूस आळशी. रोजच्या वस्तूंना तो एक-दोन अक्षरांतच नाव ठेवतो. जगातल्या सगळ्या भाषांनी काल, पाल, नाय असल्या आखूड शब्दांवर धाड घातल्यावर टक्कर होणारच. आश्चर्य वाटायचं तर टक्कर होऊनही अर्थ तोच निघाला याचं वाटावं. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड भागात म्बाबारम नावाची आदिवासी भाषा होती. भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन ती शेवटच्या जाणकारांकडून टिपून घेत होते. कुत्र्याला काय म्हणता, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, डॉग. इंग्रजीतून उचललेलं नव्हे, त्यांचा स्वतःचा, शेजारच्या भाषांच्या नियमाने सरळ सिद्ध होणारा शब्द. बिचाऱ्या डिक्सनना त्या क्षणी काय वाटलं असेल! आमच्या पेशंटने 'नाय' म्हटलं तेव्हा त्या मुलीला वाटलं तेच, फक्त उलट्या दिशेने.

नात्यांच्या शब्दांची गोष्ट वेगळी. ती बाळांची करणी आहे. ओठ मिटून उघडले की मा, पा, बा निघतं, आणि जवळ उभा असलेला मोठा माणूस ते आपलंच नाव समजून घेतो. कोण उभं होतं त्यावर भाषा ठरते. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील. चिनीत 'मामा' म्हणजे आई. आपल्याकडे आईचा भाऊ, आणि थोडा फसला असेल तर कुणीही. स्वाहिलीत 'काका' म्हणजे भाऊ आणि 'दादा' म्हणजे बहीण, त्यामुळे आमच्या चौकातल्या फ्लेक्सवरचे यच्चयावत दादा नैरोबीत भगिनी ठरतील. आणि 'काका' स्पॅनिशमध्ये? लहान मूल जे करून ठेवतं आणि आई नाक मुरडून उचलते, ते. हिंदी विश्वविद्यालयात स्पॅनिशही शिकवतात. तिथून निघून स्पॅनिश जाणणारा माणूस बजाज चौकात आला की त्याला काय ऐकू येतं? ओ काका, सरका. काका, सुट्टे द्या. काका, तुमची काकू आली. वर्ध्यात काकासाहेब कालेलकरांच्या नावाची काकावाडी आहे, हे त्याला कुणी सांगू नये. काकासाहेबांना स्वतःला मात्र सांगितलं असतं तर ते खळखळून हसले असते आणि त्यावर एक ललित निबंधही झाला असता.

परदेशी विद्यार्थ्यांचा विषय निघालाच आहे तर चीनचं सांगतो. हिंदी शिकायला वर्ध्यात चिनी विद्यार्थी येतात. त्यांना पुस्तकातलं हिंदी येतं, आणि ऑटोवाल्याला पुस्तकातलं सोडून सगळं येतं. तरी त्यांचं जमतं. का? वऱ्हाडीत होकार म्हणजे 'हाव'. चिनीत 'हाव' म्हणजे चांगलं, ठीक. एक म्हणतो हाव, दुसरा म्हणतो हाव हाव, पहिला म्हणतो हाव ना. दोन संपूर्ण परक्या भाषा, एकाही भाषांतरकाराशिवाय, एका शब्दावर एकमत. आमचे पुण्याचे पाहुणे मात्र याच शब्दावर अडखळतात. त्यांच्या कानाला 'हाव' म्हणजे लोभ, आणि गोव्याचा पाहुणा आला तर तो 'हांव' म्हणजे मी समजून आपली ओळख करून द्यायला लागतो. म्हणजे वर्ध्याचा ऑटोवाला पुण्यापेक्षा बीजिंगला जवळ. भाड्याच्या बाबतीत मात्र तो कुणालाच जवळ नाही.

चिनीत सुरांचं लफडं असतं. 'माई' खाली बुडवून वर आणली की विकत घेणं, वरून खाली टाकली की विकणं. व्यापारात जगाच्या इतके पुढे गेलेले लोक, आणि घेणं-विकणं यांत फरक फक्त गळ्याच्या चढउताराचा! आमच्या हिंगणघाटच्या कापूस बाजारात हे असतं तर शेतकरी आणि अडते अजून पहिल्याच गाडीवर बसले असते. आपल्याकडची माई निमूट बिचारी, तिला कुठल्याही सुरात हाक मारा, ती येते.

जपान्यांशी वर्ध्याचं नातं जुनं. बौद्ध भिक्षू फुजी गुरुजी १९३३ साली गांधीजींना भेटायला इथे आले. त्यांच्या पंथाने पुढे बांधलेला विश्वशांती स्तूप गीताई मंदिराशेजारी आहे. सेवाग्रामच्या सर्वधर्म प्रार्थनेत आजही एक जपानी ओळ म्हणतात. तिचा पहिला शब्द 'नमु'. ऐकणाऱ्याला वाटतं, हाही आमच्या 'नमो'शी योगायोगाने सारखा. इथे मात्र फसगत आहे. तो खरोखर आपलाच नमो, बुद्धाच्या मागोमाग चीनमार्गे जपानला गेलेला आणि गुरुजींबरोबर परत आलेला. आपलं माणूस परदेशातून आल्यावर ओळखू येत नाही, त्यातलाच प्रकार.

बाकी जपानीचं पाहिलं तर ती मराठीवर टपूनच बसलेली आहे. 'उशि' म्हणजे गाय. 'कासा' म्हणजे छत्री, त्यामुळे 'कसा आहेस?' हा प्रश्न तिकडच्या कानाला पावसाची चौकशी वाटतो. 'आसे' म्हणजे घाम. हा एक शब्द आम्ही मे महिन्यात बिनतक्रार उसना घेऊ. 'आइ' म्हणजे प्रेम, याबद्दलही तक्रार नाही. पण 'हाना' म्हणजे फूल! शांततेचा संदेश घेऊन आलेल्या माणसाने बागेकडे बोट दाखवून प्रेमाने 'हाना, हाना' म्हणावं, आणि इथल्या माळ्याने 'कोनाले?' म्हणून विचारावं. अहिंसेच्या गावात यापेक्षा मोठा पेच कुठला?

पवनारला विनोबा. त्यांना भाषांचा भलता नाद, आणि त्यांनी सुचवलं की देशातल्या भाषा आपापल्या लिपीच्या जोडीला नागरीतही लिहाव्यात, म्हणजे शेजाऱ्याला वाचता येतील. विचार उदात्त, मला पटणाराही. फक्त त्यांनी हॉटेलच्या पाटीचा विचार केला नसावा. आज तमिळ अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून आपण सुरक्षित आहोत. उद्या चेन्नईच्या उपाहारगृहात ठळक नागरीत 'गरम पाल' लिहिलेलं असेल, खाली 'मोर', आणि दारात गजरेवाली 'पू' विकत असेल, तेव्हा वर्ध्याहून गेलेलं कुटुंब सेंट्रल स्टेशनवरूनच परतीची गाडी पकडेल. परकी लिपी हा कधीकधी पडदा असतो आणि पडद्याआड माणसं सुखाने जेवतात.

हे सगळं दुसऱ्यांच्या शब्दांबद्दल झालं. आमच्या नावाचं काय झालं ते ऐका. डिसेंबर २०१६ मध्ये बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ उठलं. नाव ठेवण्याची पाळी पाकिस्तानची होती. त्यांनी ठेवलं वरदा. अरबीत त्याचा अर्थ गुलाबाचं फूल. संस्कृतात वर देणारी, आणि आधी सांगितलं तसं आमच्या नदीचं जुनं नाव. वर्तमानपत्रांतून ते कुठे वरदा, कुठे वर्दा, तर कुठे चक्क वर्धा असं छापून आलं. १२ डिसेंबरला ही वर देणारी गुलाबाची कळी चेन्नईवर आदळली, झाडं उन्मळली, विजेचे खांब आडवे झाले, दक्षिणेकडच्या गाड्यांचं वेळापत्रक कोलमडलं. त्या दिवशी सेवाग्रामच्या फलाटावर पुढचा संवाद झाला नसेल, तर तो रेल्वेचा हलगर्जीपणा समजावा.

"चेन्नईची गाडी काऊन नाई आली बे?"

"वर्धामुळं."

"घ्या! आता वर्ध्यानं काय केलं?"